खाटेची कावड आणि संमतिपत्र

गडचिरोलीच्या बसस्थानकावर सकाळी नागपूरकडे जाणारी गाडी लागली, की प्रवाशांत चार-दोन जण तरी असे दिसतात, ज्यांच्या हातात कापडी पिशवी असते आणि पिशवीतून डोकावणारा एक मोठा लिफाफा. लिफाफ्यात ‘फोटो’ असतात. आपल्याकडे खेड्यापाड्यांत क्ष-किरण चित्राला फोटोच म्हणतात. पुढे सोनोग्राफी, सीटी स्कॅन, एमआरआय ही सारी मंडळीही त्याच एका शब्दात येऊन बसली. लिफाफेवाल्या माणसासोबत बहुधा एखादा चार बुके शिकलेला भाचा किंवा जावई असतो. तोच कागद वाचतो, तोच मोबाइलवर बोलतो आणि तोच शेवटी सही कुठे करायची ते दाखवतो. ज्याच्या पोटावर वा पाठीवर सुरी फिरणार असते, तो माणूस खिडकीबाहेर पाहत बसलेला असतो.

या माणसाने खासगी रुग्णालय ‘निवडले’ असे आपण सहज म्हणतो. शहरात बसून आरोग्यव्यवस्थेवर लिहिणारे तर हा शब्द फारच मोकळेपणाने वापरतात. सरकारी दवाखान्यात विश्वास नाही म्हणून रुग्ण खासगीची निवड करतो, असे एक सोपे वाक्य त्यांच्याकडे तयार असते. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या गेल्या काही दशकांच्या इतिहासाकडे पाहिले, तर हे वाक्य आम्हांला अपुरे वाटते. निवड म्हणजे नेमके काय, ती कोण करतो आणि ती खरी ठरायला काय लागते, हे प्रश्न या जंगलमुलखात फार वेगवेगळ्या रीतींनी विचारले गेले आहेत. त्यांचा थोडा मागोवा घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू.

*

आधी भूगोल. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजांकडे आला. पुढे १८७४ मध्ये सिरोंचाचा मुलूख त्याला जोडला गेला. चांद्याचे चंद्रपूर झाले आणि २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्यातून गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निघाला. नव्या जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर. २०११ च्या जनगणनेत तेथे पावणेअकरा लाखांच्या आसपास माणसे होती, चंद्रपुरात सुमारे बावीस लाख. म्हणजे पश्चिमेला कोळसा, कागद आणि वीज यांवर वाढलेला एक जिल्हा आणि पूर्वेला त्याहून विस्ताराने मोठा, वस्तीने त्याच्या निम्मा, दोनतृतीयांशाहून अधिक जंगलाने झाकलेला दुसरा. आलापल्लीकडचे जुने रस्ते सागवान बाहेर काढण्यासाठी झाले. माणसांना त्यांचा उपयोग झाला तो ओघाने. पावसाळ्यात पर्लकोटा फुगली की भामरागड आजही जगापासून तुटते.

अशा मुलखात आजारी माणसाला हलवायचे म्हणजे खाट उलटी करायची, तिला दोऱ्या बांधायच्या, बांबूला अडकवून ती चौघांनी खांद्यावर घ्यायची. ही खाटेची कावड. ती कुठे न्यायची हा प्रश्न घरातल्या घरात सुटत नसे. गावचा पुजारी काय सांगतो, नाला उतरला आहे का, धानाची कापणी चालू असेल तर चार खांदे मोकळे आहेत का, अशा कितीतरी गोष्टींवर ते ठरे. न नेण्याचाही निर्णय होई. शहरी मनाला तो निव्वळ अंधश्रद्धेचा वाटतो. पण ज्या दवाखान्यात आपली भाषा कोणाला येत नाही, जेथे नातेवाइकाला बाहेर बसवतात आणि जेथून गेल्या वेळी माणूस जिवंत परत आला नव्हता, तेथे न जाण्यात एक हिशेबही असतो. नकार हीही निवडच. या भागातील रुग्णाच्या निवडीचा इतिहास लिहायचा तर तो नकारापासून सुरू करावा लागेल.

*

या नकाराला शासनाने आपल्या हातांनी खतपाणी घातले, हेही नमूद केले पाहिजे. विदर्भातल्या खेड्यात ‘तिचं ऑपरेशन झालं’ असे कोणी म्हणाले, तर कशाचे असे विचारावे लागत नाही. ऑपरेशन म्हणजे कुटुंबनियोजनाचे. पोटाचे, डोळ्याचे, हाडाचे असेल तर तसे वेगळे सांगावे लागते. भाषेची ही सवय सहज पडलेली नाही. असंख्य कुटुंबांनी जवळून पाहिलेली पहिली शस्त्रक्रिया नसबंदीची होती. ती शिबिरात झाली आणि तिच्यामागे कोणा ना कोणा कर्मचाऱ्याचे उद्दिष्ट उभे होते. आणीबाणीत, १९७६-७७ या एका वर्षात, देशभरात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते अमलात आले नाही, हे आपले नशीब.

याचा परिणाम दूरगामी झाला. शस्त्रक्रिया ही आपण आपल्या दुखण्यासाठी मागून घेण्याची गोष्ट आहे, ही जाणीव रुजण्याआधीच ती साहेब लोक आपल्यावर करतात अशी जाणीव रुजली. सरकारी दवाखान्याविषयीच्या अविश्वासाची चर्चा करताना औषधांचा तुटवडा आणि डॉक्टरांची रिकामी पदे यांचा उल्लेख नेहमी होतो, आणि तो रास्तच आहे. या जुन्या आठवणीचा उल्लेख मात्र क्वचितच होतो.

*

२३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आमटे नागपुरातले शल्यचिकित्सेचे पदव्युत्तर शिक्षण अर्धवट सोडून तेथे आले, डॉ. मंदाकिनी आमटे भूलतज्ज्ञ. ही कथा महाराष्ट्राला इतकी परिचित आहे, की तिचे पुन्हा गौरवगान करण्याचे प्रयोजन नाही. आम्हांला तिच्यातील एकच धागा येथे हवा आहे. डॉक्टर आले, औषधे आली, फी नव्हती; तरीही सुरुवातीला रुग्ण येत नव्हते. कपडे घातलेल्या परक्या माणसाला पाहून माडिया माणसे पळून जात. म्हणजे ‘सेवा उपलब्ध असणे’ आणि ‘सेवा निवडली जाणे’ यांच्यातली दरी पैशाने वा अंतराने भरून निघणारी नव्हती. डॉक्टर दांपत्याला माडिया भाषा शिकावी लागली, वाट पाहावी लागली. पुजाऱ्याने हात टेकलेले काही रुग्ण त्यांच्याकडे बरे झाले, तेव्हा कुठे गावोगावच्या कावडी हेमलकशाच्या वाटेला लागल्या.

मग अस्वलाने फाडलेले चेहरे झाडाखाली शिवले गेले, विजेविना कंदिलाच्या उजेडात प्रसूती झाल्या. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तर प्रकाश आमटे यांनी बरीचशी पुस्तकाच्या आधारे आत्मसात केली. आजच्या नियमांच्या चौकटीत यातले बरेच काही बसणार नाही. तेथे संमतिपत्रही नसणार आणि असते तरी ते वाचणारा कोणी नव्हता. तरीसुद्धा तेथे येणारा रुग्ण बसस्थानकावरच्या आपल्या लिफाफेवाल्यापेक्षा अधिक अर्थाने ‘निवड करून’ आलेला होता, असे आम्हांला वाटते. बरा झालेला शेजारी त्याने डोळ्यांनी पाहिला होता. डॉक्टर त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलत होते. पटले नाही तर उठून परत जाण्याची मोकळीक त्याला होती, कारण त्याने काहीच गहाण ठेवलेले नव्हते.

येथे आणखी एक गंमत ध्यानात येते. सरकारी नाही ते खासगी, अशी ढोबळ व्याख्या केली तर हेमलकशाचा दवाखानाही खासगीच ठरतो. एकाच शब्दाने आपण हेमलकसाही सांगतो आणि महानगरातले काचेच्या भिंतींचे रुग्णालयही सांगतो. शब्द इतका ताणला की तो काही सांगेनासा होतो.

*

रुग्णाला विचारून रुग्णालय बांधता येते का? या प्रश्नाचे एक उत्तर गडचिरोलीत १९९० च्या दशकात मिळाले. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ च्या सुमारास ‘सर्च’चे काम गडचिरोलीत तेंदूपत्त्याच्या एका गोदामात सुरू केले. त्यांच्या पहिल्या मोठ्या संशोधनांपैकी एक वासा आणि अमिर्झा या दोन गावांतील स्त्रियांच्या आजारांविषयीचे होते. जानेवारी १९८९ मध्ये ते ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक वा अधिक स्त्रीरोग होते आणि त्याआधी कधीतरी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या.

हे आकडे पुष्कळदा उद्धृत होतात ते रोगाचे प्रमाण सांगण्यासाठी. आम्हांला त्यांत निवडीचा इतिहास दिसतो. दहातल्या नऊ बायकांना स्त्रीरोग होता आणि त्यांतल्या बहुतेकींनी त्यासाठी कोणाही डॉक्टरची, सरकारी वा खासगी, निवड केलेली नव्हती. आपले दुखणे हे ‘दुखणे’ आहे, ते सांगता येते, त्यावर उपाय असतो, हेच कोणी त्यांना सांगितले नव्हते. दुखण्याला नाव मिळणे ही उपचाराच्या निवडीची पहिली पायरी आहे. ती नसेल तर पुढच्या पायऱ्यांवरची चर्चा व्यर्थ होय. आणि ही पायरी चुकीच्या माणसाने बांधून दिली, तर काय होते तेही महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण गाजले, विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तरुण वयातल्या, पाळीच्या वा पांढऱ्या पाण्याच्या तक्रारी घेऊन गेलेल्या बायकांना पिशवी काढून टाका, कटकट मिटेल, असे सांगितले गेले होते. दुखण्याला तिथे नाव मिळाले ते थेट शस्त्रक्रियेचेच.

आता दंतेश्वरीची गोष्ट. चातगावजवळच्या शोधग्रामात रुग्णालय बांधायचे ठरले तेव्हा बंग दांपत्याने भोवतालच्या आदिवासी गावांना विचारले, की तुम्ही मोठ्या दवाखान्यात का जात नाही? जी उत्तरे आली, ती कोणत्याही आरोग्य-नियोजनाच्या पुस्तकात सापडली नसती. तेथील माणसे पांढरे कपडे घालतात आणि आम्ही मेलेल्याला पांढऱ्यात गुंडाळतो. तेथे आमची भाषा कोणी बोलत नाही. सोबतच्या नातलगांना राहू देत नाहीत. आणि जेथे देव नाही तेथे माणूस बरा कसा होईल? मग रुग्णालयाचा आराखडाच बदलला. लांबलचक वॉर्डांऐवजी झोपड्यांसारख्या खोल्या झाल्या, तेथे नातलगाला राहता येऊ लागले. नाव लोकांनी सुचवले ते त्यांच्या देवीचे: माँ दंतेश्वरी. १९९३ मध्ये हा दवाखाना उभा राहिला. पुढे हर्निया, हायड्रोसील, पाठीचा कणा अशा शस्त्रक्रियांसाठी मुंबई-नागपूरचे शल्यविशारद शिबिरांना येऊ लागले आणि एके काळी दवाखान्याला भिणारी माणसे शस्त्रक्रियेसाठी नाव नोंदवू लागली.

हा फरक कशाने पडला? यंत्रे आणि कुशल हात यांचा वाटा आहेच. पण त्याआधी कोणीतरी एक प्रश्न विचारला होता आणि उत्तर ऐकून भिंतींची जागा बदलली होती.

*

याच काळात, १९९० नंतर, बाजारही वाढत होता. चंद्रपुरात पगारदार कामगारवर्ग होता, त्यामुळे तेथे खासगी दवाखान्यांना आधार मिळाला. गडचिरोलीच्या उत्तर टोकाला वैनगंगेपलीकडे ब्रह्मपुरी हे गाव डॉक्टरांचे गाव म्हणून नावारूपाला आले. आरमोरी, देसाईगंजकडचा रुग्ण जिल्हा ओलांडून तेथे जाऊ लागला. दक्षिणेला सिरोंचाचा माणूस तेलुगू जाणतो. गोदावरी ओलांडली की त्याला मंचेरियल, करीमनगर, वारंगळ ही गावे नागपूरपेक्षा जवळची, अंतरानेही आणि बोलीनेही. बाकी सर्वांच्या वाटा शेवटी नागपुरात धंतोली-रामदासपेठेच्या गल्ल्यांत जाऊन मिळतात, जेथे एका इमारतीवर चार-चार डॉक्टरांच्या पाट्या असतात. ज्यांना तो खर्च झेपत नाही, ते नागपूरच्या मेडिकलला किंवा वर्धा जिल्ह्यात सेवाग्राम-सावंगीला जातात.

या वाटांवर रुग्णाला कोण नेतो, हा खरा प्रश्न आहे. गावात इंजेक्शन देणारा डॉक्टर, मग तो पदवीधर असो वा नसो, एक नाव सुचवतो. औषधाच्या दुकानदाराचे एक नाव असते. गाडीवाल्याचे एक असते. शहरात नोकरीला असलेल्या नातलगाचे एक असते. या नावांच्या साखळीत ज्ञान किती आणि कमिशन किती, हे रुग्णाला कळण्याचा मार्ग नाही. महाराष्ट्रात त्याला ‘कट प्रॅक्टिस’ असे नाव आहे. डॉ. अरुण गद्रे यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून ‘कैफियत’ हे पुस्तक सिद्ध केले, त्यात वैद्यकीय व्यवसायातीलच प्रामाणिक माणसांनी हे दुखणे उघड केले आहे. २०१७ साली राज्य शासनाने कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदाही तयार करवून घेतला. मसुद्याचा कायदा काही झाला नाही.

येथे एक घरचा अनुभव सांगण्याची मुभा घेतो. आमच्या कुटुंबातील एका वृद्धेला पोटात गॅस धरतो म्हणून एका मोठ्या शहरातील एका खासगी रुग्णालयात नेले होते. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे दिसले. दुसऱ्याच दिवशी सकाळी शस्त्रक्रिया करावी लागेल, उशीर केला तर जबाबदारी तुमची, असे सांगण्यात आले. रात्री नऊ वाजता पैशाची जुळवाजुळव सुरू झाली. सोन्याच्या पाटल्या कपाटातून बाहेर आल्या. त्या बाईंना स्वतःला कोणी काही विचारले नव्हते, आम्हीही नाही. पाटल्या पाहून त्याच म्हणाल्या, “मले तं तिथं दुखतच नाही बाप्पा, गॅस तर वर धरते.” दुसऱ्या एका डॉक्टरांनी कागद पाहून सांगितले, की त्रास न देणारे खडे पुष्कळांच्या पोटात आयुष्यभर निवांत पडून असतात, त्यांना हात लावण्याची घाई नको. त्या पुढे कितीतरी वर्षे जगल्या. आमच्या मनात जी बोच राहिली आहे ती त्या रुग्णालयापेक्षा स्वतःविषयी अधिक आहे. घरात पाच शिकलेली माणसे होती आणि जिचे पोट, तिला विचारावे हे कोणालाच सुचले नाही.

पाटल्या ज्यांच्याकडे नसतात, ते बैल विकतात किंवा शेत गहाण टाकतात. जुलै २०१७ ते जून २०१८ या काळातील राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार, प्रसूती वगळता, एकदा रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च देशात सरकारी रुग्णालयात सुमारे ४,४५० रुपये होता आणि खासगीत सुमारे ३१,८५० रुपये. सातपट. ज्या घरात रोख पैसा तेंदूपत्त्याच्या हंगामात आणि धान विकल्यावर असा वर्षातून दोनदाच दिसतो, तेथे या आकड्याचा अर्थ निराळा होतो. तेथे शस्त्रक्रियेची तारीख रोग ठरवत नाही, हंगाम ठरवतो. आणि एकदा बैल विकला, की मागे फिरता येत नाही. डॉक्टर बदलावासा वाटला, दुसरे मत घ्यावेसे वाटले, तरी त्यासाठी हाती काही उरलेले नसते. खर्चाने माणूस कर्जात बुडतो हे आपण नेहमी बोलतो. खर्च झाला की नकाराचा अधिकारही बुडतो, याकडे आपले लक्ष जात नाही.

*

मग शासनाने पैशाचा प्रश्न सोडवायला घेतला. १९९७ पासून गरिबांच्या हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा गंभीर आजारांसाठी जीवनदायी योजना होतीच. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत गडचिरोली होता. कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, ९७१ प्रकारच्या प्रक्रिया, सरकारी आणि नोंदणीकृत खासगी रुग्णालयांत. २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये ती राज्यभर लागू झाली, २०१७ मध्ये तिला महात्मा फुले यांचे नाव मिळाले.

या योजनांनी अनेकांचे प्राण आणि बैल वाचवले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. हृदयाची झडप बदलणे हा जंगलातल्या मजुराच्या घरी बोलण्याचाही विषय नव्हता, तो झाला. तरी तिच्या रचनेत एक मेख आहे. विम्याने पैसे दिले तरी रुग्णालय दिले नाही. मोठ्या शस्त्रक्रिया करणारी खासगी रुग्णालये नागपुरातच होती. त्यामुळे कार्ड हातात घेऊन पुन्हा तीच बस. शिवाय योजनेत प्रक्रियांना दर असतो, बोलण्याला नसतो. ‘तुम्हांला शस्त्रक्रियेची गरज नाही’ हे अर्धा तास समजावून सांगणाऱ्या डॉक्टरला कोणतेही पॅकेज काही देत नाही.

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने १९८० च्या आसपास भोवतालच्या खेड्यांत एक साधा प्रयोग चालवला होता. वर्षाला ज्वारीच्या रूपात वर्गणी द्यायची आणि त्या बदल्यात उपचारात सवलत घ्यायची. ज्वारी देणारा गाव रुग्णालयाला जाबही विचारू शकत असे. प्लास्टिकच्या कार्डाला ती बैठक नाही.

*

कायद्याच्या बाजूनेही या काळात पुष्कळ पाणी वाहून गेले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन दिलेल्या वैद्यकीय सेवेला ग्राहक संरक्षण कायद्याखाली आणले. १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात त्याच न्यायालयाने संमतीचा अर्थ उलगडून सांगितला. तपासणीसाठी दुर्बीण घालण्यास संमती दिलेल्या एका स्त्रीचे गर्भाशय आणि बीजकोश ती भुलीखाली असताना, तिच्या आईची संमती घेऊन काढण्यात आले होते. न्यायालयाने म्हटले की शुद्धीवर येऊन निर्णय घेऊ शकणाऱ्या प्रौढ स्त्रीच्या वतीने, जिवाला तातडीचा धोका नसताना, दुसऱ्या कोणाला संमती देता येत नाही. आणि शस्त्रक्रिया कशाची, तिचा लाभ काय, धोका काय, पर्याय कोणते, न केल्यास काय होईल, हे सांगितल्यावाचून घेतलेली संमती खरी नव्हे. २०२१ मध्ये महाराष्ट्राने शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत दुरुस्ती करून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे बंधनकारक केले.

कागदावर हे सारे चोख आहे. पण ती सनद गोंडीत, माडियात कोण वाचून दाखवणार? संमतिपत्राच्या तळाशी नातलगाची सही आणि रुग्णाचा अंगठा असतो. मधला मजकूर म्हणजे जावयाने ‘सही करा, काही होत नाही’ असे म्हटलेले असते, तेवढाच.

*

येथे आमच्याविषयी गैरसमज नको. खासगी वैद्यक म्हणजे लूट आणि सरकारी वा सेवाभावी म्हणजे पुण्य, असे आम्ही म्हणत नाही. या मुलखात आयुष्य घालवलेल्या डॉक्टरांवरही रुग्ण होण्याची वेळ आली. १९९५ मध्ये डॉ. अभय बंग यांना ऐन चव्वेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. पुढे त्यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात आपला आजार आपणच समजून घेण्याची गोष्ट लिहिली. २०२२ मध्ये डॉ. प्रकाश आमटे यांना रक्ताच्या कर्करोगाने गाठले तेव्हा त्यांच्यावर पुण्यातील दीनानाथ मंगेशकर रुग्णालयात उपचार झाले. काही आजारांना मोठे शहर आणि मोठे रुग्णालय लागते, त्यात कमीपणा कसला? या दोघांजवळ जी गोष्ट होती आणि बसमधल्या माणसाजवळ नसते, ती म्हणजे आपल्याला काय झाले आहे आणि पुढे काय होणार आहे हे जाणण्याची सोय.

ही सोय जिल्ह्यातच करता येईल का? चंद्रपुरात २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, गडचिरोलीत २०२४ मध्ये ते सुरू झाले. ‘आता रुग्णाला नागपूरला जावे लागणार नाही’ ही घोषणा त्यांच्याकडून पुरी व्हायला वेळ लागेल. त्याआधी एक लहान गोष्ट मात्र होऊ शकते. बाहेरच्या डॉक्टरने शस्त्रक्रिया सांगितलेल्या रुग्णाने आपला लिफाफा घेऊन यावे, एका अनुभवी डॉक्टरने ‘फोटो’ उजेडासमोर धरून पाहावा आणि गोंडी, माडिया, तेलुगू वा झाडीबोली जाणणाऱ्या माणसाच्या मदतीने रुग्णालाच सांगावे, की हे करणे गरजेचे आहे, किंवा हे थांबू शकते, किंवा हे नकोच. त्यासाठी ना यंत्र लागते ना शस्त्रक्रियागृह. एक टेबल, तीन खुर्च्या आणि अर्धा तास.

दंतेश्वरीच्या वेळी लोकांना विचारले गेले तेव्हा त्यांनी मागितले ते काही अवघड नव्हते. आपली भाषा, आपले माणूस जवळ आणि थोडा भरवसा. खाटेच्या कावडीला खांदा देणारे चौघे निदान एकमेकांशी बोलत चालत असत, की न्यावे की परतावे. नागपूरच्या गाडीत बसलेल्या आपल्या माणसाशी तेवढे तरी कोणी बोलले पाहिजे, आणि तेही गाडी सुटण्यापूर्वी.